दोन हिसके

१

‘कानेलो’ जहाज त्या खाडीत शिरलं की सगळ्यांचेच आवाज आपोआप खाली यायचे. नकाशात खाडीला कुणा मेलेल्या कप्तानाचं नाव होतं, पण खलाशी तिला नुसती ‘थाळी’ म्हणत. गोल, सपाट, तिन्ही अंगांनी बर्फाचे उंच कडे. दक्षिणेच्या त्या टोकाला वाऱ्याशिवाय दिवस जात नाही, पण थाळीत वारा उतरतच नसे. बर्फाचे तुकडे पाण्यावर जागच्या जागी असायचे, कुणीतरी मांडून ठेवल्यासारखे.

बुडीचा कार्यक्रम दर फेरीत इथेच होई. जहाजाच्या कुशीतलं दार उघडायचं, पाण्यालगत लोखंडी जाळीचा फलाट सोडायचा, त्याला शिडी लावायची. प्रवासी पोहण्याच्या कपड्यांवर झगे चढवून आतल्या बोळात रांग लावायचे; अनवाणी, एकमेकांना चिडवत, मनातून टरकलेले. एकेकाच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, पट्ट्याला मागून दोर. माणूस उडी मारी, किंचाळी, दोर ओढला जाई, तो धडपडत शिडी चढून येई आणि डॉक्टर रेनातो त्याच्या हातात पिस्कोचा इवलासा पेला ठेवी. दारू पोटात गेली की माणूस शूर व्हायचा आणि पुढच्यांना हसायला लागायचा.

दोर धरायचं काम दानित्साचं. ते तिला जहाजाच्या सारंगानं, म्हाताऱ्या बाहामोंदेनं शिकवलं होतं. हा चिलोए बेटावरचा माणूस बोलण्यापेक्षा खाकरायचाच जास्त.

“एक ध्यानात ठेव, पोरी,” मोसमाच्या सुरुवातीला तो म्हणाला होता. “दोर धरलास की धरलास. माणूस वर आला, हसला, तुझ्या गळ्यात पडला, तरी सोडायचा नाही. पट्टा काढून माझ्या हातात दिलास की मग सोड.”

“माणूस वर आल्यावर दोराचं काय काम, काका?”

“काही नाही.” तो खाकरला. “पण सोडायचा नाही.”

ओल्या जाळीवर पाय घसरतो, म्हणून असेल, असं दानित्सानं स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं. नियमामागे कारण असतंच आणि ते शोधलं की सापडतंच, यावर तिचा फार विश्वास होता.

२

त्या फेरीत रांगेच्या अगदी शेवटी तिची आई उभी होती.

मोसमातल्या शेवटच्या फेरीला जहाजावरच्या माणसांना घरचं एक माणूस आणता येई. बाकीच्यांनी नवरे-बायका आणल्या. दानित्सानं नेलिदाला आणलं. जवळजवळ उचलूनच आणलं. नेलिदाचं सगळं आयुष्य पुंता आरेनास या बंदरगावात गेलेलं, खेकड्यांच्या कारखान्यात. काटेरी कवच फोडायचं, मांस काढायचं, बर्फात दाबायचं. थंडी तिच्या हाडात जाऊन बसली होती. घरातली शेगडी ती उन्हाळ्यातही विझू देत नसे, आणि तिचे हात इतके गार असत की लहानपणी दानित्साला ताप आला की आई कपाळावर पट्टी ठेवायची नाही, हातच ठेवायची.

आणि पाण्याची तिला भीती होती. नुसती भीती नाही, वैर. नवरा मासेमारीला गेला आणि होडी एकटीच परत आली, तेव्हापासून सामुद्रधुनीकडच्या खिडकीचा पडदा तिनं कधी उघडला नव्हता.

दानित्सा सहा वर्षं नॉर्वेत शिकली. तिथल्या बंदरावर तिनं भर हिवाळ्यात म्हाताऱ्या बायका पाण्यात उतरताना पाहिल्या होत्या, गप्पा मारत, बाजारात निघाल्यासारख्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला रडूच फुटलं होतं. आमच्या बायका पाण्याच्या काठावर जन्मतात, पाण्यावर जगतात आणि पाण्याकडे पाठ करून मरतात, हे तिला सहन होईना. शिकून झाल्यावर तिकडे नोकरी मिळत असताना ती परत आली ती हेच डोक्यात घेऊन. किनाऱ्यावरची एक पडकी शेड तिनं झाडून घेतली, आत शेगडी बसवली, गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. पोहायला शिकवते म्हणाली. बायकांनी कॉफी प्यायली, पाव खाल्ला आणि म्हणाल्या, “तुझी आई उतरली की आम्ही उतरू.”

म्हणून ही रांग.

“अगं, मला सूप ढवळायला लाव, मी अख्ख्या जहाजाला सूप करून घालते,” झगा गळ्यापर्यंत आवळत नेलिदा म्हणाली. “पाण्यात कशाला ढकलतेस?”

“मी ढकलत नाहीये. तूच उडी मारायचीस.”

“तेच ते. एवढं शिकून आली आणि आईलाच बुडवायला निघाली.”

पुढचा जर्मन म्हातारा काही न समजता हसला. नेलिदानं त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं, मग तिलाही हसू आलं. तिच्या तोंडातून वाफेचा ढग निघाला.

३

तिची पाळी आली तेव्हा फलाटावर मोजकीच माणसं उरली होती. बाकी सगळे आत, पिस्कोपाशी.

“दोर तूच धरणार ना?” नेलिदानं विचारलं.

“मीच.”

“मग बांध. घट्ट बांध.”

दानित्सानं पट्टा बांधला, बक्कल खटकन लावलं, पट्टा आवळला.

“बास, बास. सकाळचं खाल्लेलं बाहेर येईल.” मग आईनं हळूच विचारलं, “आठवतं का गं तुला? वाऱ्याच्या दिवसांतलं?”

आठवत होतं. पुंता आरेनासला वारा उठला की चौकाचौकात नगरपालिकेची माणसं दोर बांधतात, लोकांना धरून चालायला. नेलिदा मुलीला शाळेत न्यायची ती स्वतःच्या कमरेचा लोकरी पट्टा तिच्या कमरेला बांधून. डोळ्यांत वाळू जायची, मागे वळून बघणं शक्य नसायचं, हाक वाऱ्यात विरायची. म्हणून आई पट्ट्याला दोन हिसके द्यायची : आहेस ना? दानित्सा तीन द्यायची : आहे, आहे, आहे. एवढंच बोलत त्या शाळेपर्यंत जायच्या.

“आत गेल्यावर मी दोन देईन,” नेलिदा म्हणाली. “तू तीन दे. नाही दिलेस तर वर येऊन थोबाडीन.”

मग तिनं झगा काढला, छातीवर क्रॉसची खूण केली, डोळे गच्च मिटले आणि उडी मारली.

ती किंचाळली नाही. पाणी फुटलं आणि लगेच मिटलं. दोर दानित्साच्या तळहातातून सरसर निघाला, इतरांच्या वेळी जायचा त्यापेक्षा खूप पुढे, आणि थांबला. ती ओढणार तोच दोराला दोन हिसके बसले. नेमके, छोटे, ओळखीचे.

आणि शिडीपाशी आईचं डोकं वर आलं.

ती हसत होती. कुणी ओढायच्या आत तिनं शिडी धरली, आणि एकेक पायरी न धापता, न कापता चढून वर आली, जिना चढावा तशी. डॉक्टर रेनातो टाळ्या वाजवायला लागला. दोर अजून ताठ होता, फलाटापासून लांब कुठेतरी सरळ खाली पाण्यात गेलेला. ते दानित्साला दिसलं. दिसलं, पण आईचा चेहरा समोर होता, आणि त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

तिनं दोर टाकला आणि आईला मिठी मारली.

आई ऊबदार होती. पाण्यातून आलेली, ओलीचिंब, आणि नुकत्याच भट्टीतून काढलेल्या पावासारखी गरम.

“बघ,” आई तिच्या कानात म्हणाली. “काहीच नव्हतं.”

मागे दोर जाळीवरून घसरत निघाला होता. त्याचं टोक कडीला बांधलेलं होतं म्हणून तो गेला नाही. बाहामोंदेनं झेप घालून तो धरला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग एकदम सगळं वजन गेलं, आणि पट्टा पाण्याबाहेर आला.

रिकामा. बक्कल लागलेलं.

सारंगानं बक्कल अंगठ्यानं दाबून पाहिलं. नेलिदाकडे पाहिलं, मग दानित्साकडे.

“सोडलास,” तो एवढंच म्हणाला.

४

बक्कल बंद असतानाही पट्टा कमरेतून निघू शकत असेल. दानित्सानं केबिनमध्ये तसलाच दुसरा पट्टा स्वतःला बांधून पाहिला. पोट आत घेतलं, श्वास सोडला, ढकलून पाहिला. कंबरेच्या हाडावर अडकला. पण आई बारीक आहे, तिनं स्वतःला समजावलं. थंड पाण्यात अंग आखडतं. पोहण्याचा कपडा निसरडा असतो. शिकलेल्या माणसाला कारणं सुचायला वेळ लागत नाही.

आणि आई खूष होती, याला काय म्हणायचं?

जेवणाच्या टेबलावर नेलिदा बिनबाह्यांच्या सदऱ्यात आली. जिनं कधी स्वेटरशिवाय दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती. जर्मन नवरा-बायकोशी ती हातवारे करून बोलत होती आणि ती दोघं पोट धरून हसत होती. डॉक्टर रेनातो तिच्या शेजारी जाऊन बसला.

“बाई, तुमचं गुपित काय ते सांगा. मी अठरा वर्षं लोकांना पाण्यात पाठवतोय, स्वतः एकदा गेलो तर शुद्ध हरपली.”

“गुपित कसलं? आत गेलं की घाबरणारे आपण नसतोच,” नेलिदा म्हणाली.

सगळे हसले. दानित्साही हसली. गल्लीतल्या बायकांना तिनं जहाजावरून दोन शब्दांचा निरोप धाडला : आई उतरली. उत्तरं धडाधड आली. कुणी म्हणालं, आता आमचं काही खरं नाही. कुणी म्हणालं, मी जुना पोहण्याचा कपडा शोधते, बसला तर बघू. दानित्साचे डोळे भरून आले. हेच तर हवं होतं. याच्यासाठीच ती जगाच्या त्या टोकावरून या टोकाला परत आली होती.

आईच्या पुढ्यातलं सूप मात्र तसंच होतं. साय धरून बसलेलं. वाफ केव्हाच गेली होती.

“घे ना आई.”

“घेते की,” ती म्हणाली आणि चमचा सुपात बुडवून बाजूला ठेवला.

५

दुपारी सगळे डेकवर आले. सूर्य कड्यामागे न जाता कड्याच्या कडेकडेनंच फिरत होता आणि सगळी थाळी दुधात भिजल्यासारखी दिसत होती. बर्फाचे तुकडे, त्यांच्या खाली त्यांचीच उलटी रूपं. खरं कुठलं आणि पाण्यातलं कुठलं, हे बघता बघता विसरायला व्हायचं. कुणाला बोलावंसं वाटत नव्हतं. जो तो कठड्याला रेलून उभा, आणि प्रत्येकाच्या तोंडापुढे त्याची त्याची छोटी वाफ.

नेलिदा बोलत होती. हळू आवाजात, पाण्याकडे बघत. पाणी आतून किती हिरवं असतं ते सांगत होती. आत किती शांत असतं ते. तिच्या तोंडापुढे काहीच नव्हतं.

दानित्सानं नजर वळवली. उन्हाचा कोन असेल. आई सावलीत उभी आहे म्हणून दिसत नसेल. ती दोन पावलं सरकली. जर्मन बाईही सावलीतच होती, आणि तिची वाफ स्पष्ट दिसत होती.

“तुला थंडी नाही वाजत, आई?”

“नाही गं.” नेलिदानं तिचा गाल कुरवाळला. “तुझा गाल किती गार पडलाय.”

लहानपणी हे वाक्य नेहमी दानित्साच्या तोंडी असायचं. आई, तुझा हात किती गार.

तिनं तो हात धरला, लहानपणी धरायची तसा. वारा नसलेल्या दिवशी पट्टा लागायचा नाही; तेव्हा ती आईच्या उजव्या बाजूनं चालायची आणि तिचं डावं बोट आईच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या वणावर फिरत राहायचं. खेकड्याचा काटा खोलवर घुसला होता तिथे. वण गोल आणि गुळगुळीत होता, पाण्यानं घासलेल्या खड्यासारखा. शाळेपर्यंत बोट तिथेच.

आता बोट फिरलं, आणि काही लागलं नाही.

तिनं दुसऱ्या हाताकडे पाहिलं. वण तिथे होता. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, तसाच, गोल, पांढरा.

तर मग मी डाव्या बाजूनं चालायचे, तिनं मनाशी म्हटलं. सहा वर्षं झाली लांब राहून. माणूस विसरतो. ज्या हातानं भरवलं, तो हात कुठला, हेही विसरतो. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

“घरी गेल्यावर तो पडदा आपण काढून टाकू,” आई म्हणाली. “खिडकी उघडी ठेवू. शेगडी विझवू. कशाला हवी?”

तेवढ्यात वरच्या डेकवरून कुणीतरी ओरडून सांगितलं की रबरी होड्या वर घेतल्या आहेत, तासाभरात नांगर उचलणार. आणि दानित्सानं आईचा हात सोडला. का, ते तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

आईनं दोन हिसके दिले होते. तिनं तीन दिलेच नव्हते.

६

आता बोळात कुणी नव्हतं. रबरी पायपुसण्यांवर ओली पावलं अजून वाळली नव्हती. कुशीतलं दार उघडं होतं. फलाट वर घ्यायला माणसं यायची होती. दोर कडीशी गुंडाळून ठेवलेला, त्यावर पट्टा.

आपण हे काय करतोय, असं दानित्सानं स्वतःला दोनदा विचारलं. वेडेपणा आहे, असं दोनदा उत्तरही दिलं. मग बक्कल उघडलं आणि पट्टा पाण्यात सोडला.

हिरव्या पाण्यात पट्टा बुडत गेला, पांढरा दोर मागे. काही वेळ काही झालं नाही. जहाजाच्या पोटात कुठेतरी पंप चालू होता, त्याचा आवाज लोखंडातून पायाला जाणवत होता. बाहेर, कड्यावरून बर्फाचा एक थर सुटला आणि खाली येईपर्यंत त्याचा आवाजच आला नाही.

दोर ताठ झाला.

एक. दोन.

 तिनं दोर दोन्ही मुठींत पकडला आणि दिले : एक, दोन, तीन.

“काय करतेस, पोरी?”

आई दारात उभी होती. अंगावर सकाळचा पांढरा झगा. अनवाणी पाय. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. सकाळपासून तिथे काही नव्हतंच, एक सुंदर स्वच्छ हसू सोडून.

“खाली कुणीतरी आहे,” दानित्सा म्हणाली.

“हो,” आई म्हणाली.

ती येऊन शेजारी बसली. तिच्या अंगाची ऊब झग्यातून येत होती, शेगडीजवळ बसावं तशी. तिनं आपला हात दानित्साच्या हातावर ठेवला, दोरावर.

“मी येईन ना तुझ्याबरोबर,” ती म्हणाली. “तुझ्या शेडमध्ये येईन. त्या सगळ्या बायकांना मी उतरवीन. एकीलाही भीती वाटणार नाही. हेच हवंय ना तुला?”

दानित्सानं पाण्यात गेलेल्या दोराकडे पाहिलं. उत्तर खोटं देता आलं नसतं.

“ती खालची येणार नाही. ती परत पडदा लावून बसेल.”

“माहीत आहे.”

“मग? तिला वर घेतलंस, तर मी कुठे जायचं?”

ते तिनं इतकं साधं विचारलं, दुसऱ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलानं विचारावं तसं, की दानित्साचे हात क्षणभर सैल पडले. दोर बोटभर खाली गेला. खालून पुन्हा हिसके आले. या वेळी क्षीण. दुसरा तर जेमतेम लागला.

वाऱ्याच्या त्या दिवसांत आई कधी थांबली नव्हती, दानित्साला आठवलं. डोळ्यांत वाळू, अंगावर पातळ कोट, रात्रपाळी करून आलेली. पोर मागून तीन हिसके देतेय तोवर पुढे चालत राहायची. भीती तिला तेव्हाही असेल. तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती ओढायला लागली.

जड होता दोर. वजन नुसत्या पट्ट्याचं नाही, माणसाचं नाही, जणू सगळी थाळीच त्याला लोंबलेली. तळहाताची सालं निघाली. शेजारच्या उबेनं तिला अडवलं नाही. हिरव्या पाण्यात आधी काळोख हलला, मग त्या काळोखाला केस फुटले, पांढरे, मोकळे सुटलेले. मग वर वळलेला एक चेहरा, आणि तो चेहरा—

दानित्सानं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच ती जाळीवर आडवी झाली, हात पाण्यात घातला, आणि एका गार, खरखरीत उजव्या हातानं तिचं मनगट पकडलं. तिचं बोट आपोआप त्या अंगठ्याच्या मुळाशी गेलं.

वण तिथे होता.

७

डोळे उघडले तेव्हा आई जाळीवर पडलेली होती, निळी पडलेली, पाणी ओकत, दातावर दात आपटत.

“मेले,” ती म्हणाली, “एवढा वेळ? दोन दिले की लगेच तीन द्यायचे, असं ठरलं होतं ना?”

“हो आई.”

“थोबाडणार होते मी तुला.” मग ती रडायला लागली. “थंडी वाजतेय गं. फार थंडी वाजतेय.”

“वाजू दे,” दानित्सा म्हणाली, आणि आपला कोट, स्वेटर, टोपी, जे हाताला लागेल ते तिच्यावर टाकत सुटली. “वाजू दे, वाजू दे.”

शेजारी पांढरा झगा पडला होता. नुसता झगा. तो तिनं आईवर घातला नाही. हात लावला तेव्हा तो अजून गरम होता.

वर नांगराची साखळी करकरायला लागली. बोळातून बाहामोंदे आला, फलाट वर घ्यायला. नेलिदाला पाहून तो थबकला, खाकरला, मग काहीही न विचारता त्यानं तिला उचलून दाराच्या आत नेलं आणि ब्लँकेटात गुंडाळलं. परत आला तेव्हा दानित्सा तशीच बसलेली होती. दोर तिच्या मुठीत होता.

आईनं पट्टा बांधलेला नव्हता. नुसता हातात धरून ती वर आली होती, आणि ती वर आल्यावर पट्टा परत पाण्यात पडला होता. नियम नियमच. पट्टा सारंगाच्या हातात दिल्याशिवाय दोर सोडायचा नाही. दानित्सानं दोर गोळा करायला घेतला.

तो आला नाही. ताठ झाला.

एक. दोन.

छोटे, नेमके, ओळखीचे. शिकून घेतलेले.

बाहामोंदेनं दोराकडे पाहिलं. पाण्याकडे त्यानं पाहिलं नाही. तो वाकला, कडीची गाठ सोडली आणि मोकळं टोक तिच्या गुडघ्यावर ठेवलं.

“आता सोड, पोरी,” तो म्हणाला.

“पण काका, तुम्हीच म्हणाला होतात—”

“आता सोड.”

पुन्हा दोन हिसके आले. आर्जवी. आहेस ना?

दानित्सानं मुठी उघडल्या. दोर जाळीवरून सरकला, कडेवरून गेला, आणि त्याच्या शेवटच्या टोकाचा पाण्यात पडताना आवाज झाला नाही. जहाज वळायला लागलं. तिचे रिकामे हात मांडीवर होते, आणि उजवी मूठ, तिला न विचारता, मिटली आणि उघडली. मिटली, उघडली. तिसऱ्यांदा मिटली तेव्हा तिनं ती दुसऱ्या हातानं दाबून धरली.

“कोण होतं गं?” ब्लँकेटाच्या आतून आईनं विचारलं. प्रत्येक शब्दाबरोबर तिच्या तोंडातून दाट पांढरी वाफ निघत होती.

“कोणी नाही, आई,” दानित्सा म्हणाली. “वारा होता.”

बाहामोंदेनं दानित्साला आत घेतलं, फलाट वर ओढला आणि दार लावून घेतलं. काचेपलीकडे थाळी तशीच होती, गोल, सपाट. एकही तुकडा हलला नव्हता.